वाटेची राखण आणि पत्राची मोहोर

राज्यसंस्थेचा उगम कसा झाला याविषयीं पंडितांचे मतभेद कितीहि असोत, राज्यानें निदान कोणतें काम केलेंच पाहिजे याविषयीं सामान्य प्रजेचा निर्णय सर्व देशांत व सर्व काळीं एकच आहे: वाट सुरक्षित असावी. व्यापाऱ्याचा तांडा, यात्रेकरूंचा मेळा, माहेरीं निघालेली लेक आणि पत्र घेऊन धांवणारा जासूद हीं सर्व इच्छित स्थळीं सुखरूप पोंचावीं, एवढ्यासाठीं प्रजा कर देते आणि राजाचें राजेपण मान्य करते. इस्लामी राज्यशास्त्रांत या कर्तव्याला फार वरचें स्थान आहे. परंतु त्याच शास्त्रानें या कर्तव्याला घातलेली एक मर्यादा तितकी प्रसिद्ध नाहीं. ती मर्यादा अशी कीं, वाटेची राखण करणाऱ्यानें वाटसरूचें गांठोडें सोडून पाहूं नये.

आतां वाटेचें स्वरूप पालटलें आहे. पैसा, पत्रव्यवहार, व्यापाराचे करार, रोग्याचीं टिपणें, इतकेंच काय, नवराबायकोंचीं भांडणें व समेट हींहि संगणकांच्या जाळ्यांतून ये-जा करूं लागलीं आहेत. इंटरनेटनें निर्माण केलेल्या या अदृश्य प्रदेशाला सायबरस्पेस असें नांव पडलें. इराणांतील फारसींत त्याला ‘फजा-इ-मजाजी’ म्हणतात. ‘मजाजी’ म्हणजे वास्तव नसलेलें, केवळ लाक्षणिक. सूफी कवींचा लौकिक प्रेमासाठीं वापरलेला ‘इष्क-इ-मजाजी’ हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेला असेल, त्यांना या नांवाचें कौतुक वाटेल. पण या मजाजी प्रदेशांतले दरोडे खरे असतात, तेथें झालेलें नुकसान खरें असतें आणि तेथें लिहिलेल्या एखाद्या ओळीबद्दल भोगावा लागणारा तुरुंगहि खराच असतो. तेव्हां स्वतःला इस्लामी म्हणविणाऱ्या राज्यावर या प्रदेशाच्या रक्षणाची जबाबदारी कितपत व कशी येते, हा प्रश्न केवळ कल्पनेंतला राहिलेला नाहीं. त्याचा विचार इराणच्या इतिहासाच्या आधारें करणें सोयीचें आहे. १९७९ सालीं त्या देशानें इस्लामी प्रजासत्ताक हें नांव धारण केलें. सायबर हल्ल्याचा जबर तडाखा ज्या राष्ट्रांना प्रथम बसला त्यांत तें एक होय. आणि आपल्याच प्रजेची ही नवी वाट दिवसचे दिवस बंद ठेवण्याचा प्रयोगहि त्यानें एकाहून अधिक वेळां केला.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. इ. स. १०५८ मध्यें बगदाद येथें मृत्यु पावलेला काजी अल्-मावर्दी हा या विषयांतला मोठा अधिकारी पुरुष. अब्बासी खलीफांची सत्ता खिळखिळी झालेली असतां त्यानें ‘अल्-अहकाम अस्-सुल्तानिया’ हा राज्यकारभाराच्या नियमांचा ग्रंथ रचला. त्यांत इमामाचीं, म्हणजे राज्यप्रमुखाचीं, दहा कर्तव्यें मोजून दाखविलीं आहेत. धर्माचें रक्षण, न्यायनिवाडा, शिक्षांची अंमलबजावणी, सरहद्दींचा बंदोबस्त, करवसुली, विश्वासू माणसांच्या नेमणुका वगैरेंच्या या यादींत तिसरें कर्तव्य असें आहे कीं, लोकांना आपापले उद्योग करतां यावे आणि जीव किंवा वित्त धोक्यांत न घालतां प्रवास करतां यावा अशा रीतीनें मुलुखाचें रक्षण करावें. येथें सांगितलेल्या हेतूकडे नीट लक्ष दिलें पाहिजे. मुलुख राखावयाचा तो राजाची गादी टिकावी म्हणून, असें मावर्दी या कलमांत म्हणत नाहीं. प्रजेचा उद्योग व प्रवास निर्वेध चालावा, हें त्या रक्षणाचें प्रयोजन तो सांगतो.

त्याच ग्रंथाच्या अखेरीस मुह्तसिबाचें प्रकरण आहे. बाजारांतलीं वजनें-मापें तपासणें व उघड चाललेल्या अनाचाराला आळा घालणें हें मुह्तसिबाचें काम. या अधिकाऱ्यानें घरांच्या आंत काय चाललें आहे याचा शोध घ्यावा काय? मावर्दीचें उत्तर स्पष्ट आहे. जें झांकलेलें आहे तें उकरून काढण्याचा त्याला अधिकार नाहीं. एखाद्या घरांतून निषिद्ध गाण्याबजावण्याचा आवाज रस्त्यावर येत असेल तर त्यानें बाहेरूनच समज द्यावी. आंत घुसूं नये. या नियमाला अपवाद एकच. कोणा विश्वासू माणसानें येऊन सांगितलें कीं, अमुक इसम अमक्याला एकांतांत गांठून ठार मारण्याच्या बेतांत आहे, किंवा मागाहून भरून न येणारें असेंच दुसरें कांहीं घडत आहे, तर तेवढ्यापुरता शोध करावा. म्हणजे अपवादाला तीन कुंपणें आहेत: खबर विश्वासू असावी, अनर्थ जवळ येऊन ठेपलेला असावा, आणि तो एकदां घडला कीं निस्तरतां येण्यासारखा नसावा. केवळ संशय पुरेसा नाहीं.

या निषेधाचें मूळ कुराणांतच आहे. ४९ व्या सूरेंतील १२ व्या आयतींत श्रद्धावंतांना परस्परांविषयींचा संशय टाळण्यास व एकमेकांची हेरगिरी न करण्यास बजावलें आहे. या हेरगिरीला अरबींत ‘तजस्सुस’ असा शब्द आहे. दुसरा खलीफा उमर याच्याविषयींची एक परंपरागत कथा मुसलमान धर्मशास्त्री नेहमीं सांगत आले. ग़ज़ालीनेंहि ती आपल्या ग्रंथांत दिली आहे. रात्रीं मदिनेंत गस्त घालीत असतां उमरला एका घरांतून संशयास्पद आवाज आला. तो भिंत चढून आंत उतरला व तेथल्या माणसाला त्यानें दारू पीत असतां पकडलें. तेव्हां तो मनुष्य म्हणाला कीं, माझ्या हातून एक गुन्हा झाला, तुझ्या हातून मात्र तीन झाले: तूं हेरगिरी केलीस, दाराऐवजीं भिंतीवरून आलास आणि परवानगी न मागतां परक्याच्या घरांत शिरलास. खलीफा निरुत्तर झाला आणि त्याला सोडून निघून गेला. ही कथा ऐतिहासिक दृष्ट्या कसोटीला किती उतरेल हा प्रश्न वेगळा. राज्यकर्त्यानें काय करूं नये याविषयींची समाजाची जाणीव तींत सांठविलेली आहे, आणि ती जाणीव शेंकडों वर्षें जिवंत राहिली, हें तिचें महत्त्व.

‘तजस्सुस’ याच धातूपासून अरबींत ‘जासूस’, म्हणजे हेर, हा शब्द झाला. तोच शब्द आपल्या महाराष्ट्रांत येऊन ‘जासूद’ झाला. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत पानोपानीं हा जासूद भेटतो. तो खलिते पोंचवितो, उत्तरें आणतो आणि येतांना वाटेवर पाहिलें-ऐकलें तेंहि सांगतो. टपाल नेणारा व बातमी काढणारा हे दोघे एकाच शब्दांत, आणि पुष्कळदां एकाच माणसांत, नांदत होते. ही भाषेची केवळ चूक नव्हे. दळणवळण ज्याच्या हातीं त्याला बातमी आयतीच मिळते, हा सर्व राज्यांचा अनुभव या एका शब्दांत गोठून राहिला आहे.

खुद्द इस्लामी साम्राज्यांत ही जोडी ‘बरीद’ या संस्थेच्या रूपानें वावरत होती. हा शब्द टपालाच्या घोड्याला लॅटिन भाषेंत असलेल्या नांवावरून आला असें मानतात. आजहि अरबी भाषेंत ईमेलला ‘इलेक्ट्रॉनिक बरीद’ अशा अर्थाचेंच नांव आहे. उमय्या खलीफांनीं ही व्यवस्था उभी केली आणि अब्बासींनीं तिचा विस्तार केला. नवव्या शतकांत इब्न खुर्दादबिह हा इराणच्या डोंगराळ प्रांतांत बरीदचा प्रमुख होता. मार्ग, ठाणीं व त्यांमधील अंतरें यांची त्यानें केलेली नोंद हा अरबी भूगोलशास्त्रांतील आरंभींच्या ग्रंथांपैकीं एक होय. परंतु बरीदच्या अधिकाऱ्याचें काम घोडे बदलण्यापुरतें नव्हतें. प्रांताच्या सुभेदारापासून बाजारभावापर्यंत सर्व गोष्टींची खबर तो परभारें खलीफाला कळवीत असे. खलीफा मन्सूर (कारकीर्द ७५४ ते ७७५) याला आपल्या दाराशीं चार माणसें अत्यावश्यक वाटत, असें इतिहासकार तबरी सांगतो. निःपक्षपाती काजी, दुबळ्याला न्याय देणारा कोतवाल आणि रयतेला न नाडणारा वसुली-अधिकारी हे पहिले तिघे. चौथा, या तिघांविषयीं खरी बातमी देणारा बरीदचा प्रमुख. मन्सूर कांहीं कोमल हृदयाचा राजा नव्हता. तरीसुद्धां या वचनांत हेराची नजर प्रजेपेक्षां अधिकाऱ्यांवर रोखलेली आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

हेरगिरीच्या उपयुक्ततेविषयीं इराणांत पूर्वींहि एकमत नव्हतें. सेल्जुक सुलतानांचा प्रसिद्ध वजीर निजाम-उल्-मुल्क (मृत्यु १०९२) यानें आपल्या ‘सियासतनामा’ ग्रंथांत बातमीदार ठेवणें हा राज्याचा एक आवश्यक नियम म्हणून सांगितला. पण त्याच ठिकाणीं त्यानें आपला पहिला धनी सुलतान अल्प अर्सलान याचें उलट मतहि प्रामाणिकपणें नमूद केलें. बातमीदार कां ठेवीत नाहीं, असें विचारल्यावर सुलतानानें दिलेल्या उत्तराचा आशय असा: जो माझा मित्र आहे तो आपल्या निष्ठेच्या भरंवशावर बातमीदाराची पर्वा करणार नाहीं, जो शत्रु आहे तो त्याच्याशीं सलगी करील व त्याला पैसे चारील, परिणाम असा होईल कीं मित्रांविषयीं वाईट व शत्रूंविषयीं चांगलें तेंच रोज माझ्या कानीं येईल आणि अखेर माझ्याजवळ शत्रूच तेवढे उरतील. वजिराला हें पटलें नाहीं. तरी त्याला तें लिहून ठेवावेंसें वाटलें. या दोन मतांमधला झगडा पुढें इराणांत प्रत्येक नव्या दळणवळणाच्या साधनाबरोबर पुन्हां उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इराणांत तार आली, ती मुख्यतः इंग्रजांच्या गरजेपोटीं. १८५७ च्या उठावानंतर लंडन व हिंदुस्थान यांच्यामध्यें जलद संदेशाची निकड भासूं लागली. १८६४ सालीं इराणी आखाताच्या तळाशीं तार टाकण्यांत आली, आणि १८७० सालीं जर्मनीच्या सीमेन्स बंधूंनीं उभारलेली लंडन-तेहरान तार सुरू झाली. शहांना या साधनानें दूरदूरच्या सुभेदारांवर वचक बसवितां आला. परंतु रयतेनें तारेचा वेगळाच अर्थ लावला. इराणांत जुलमाला कंटाळलेल्या माणसानें मशीद, पीराचें स्थान किंवा शहाचा तबेला अशा जागीं आश्रय घ्यावयाचा, याला ‘बस्त’ म्हणतात. तार आल्यावर लोक तारऑफिसांत बस्त घेऊं लागले. तारेचें दुसरें टोंक शहाच्या सिंहासनाच्या पायाशीं बांधलेलें आहे, अशी त्यांची भाबडी समजूत होती. भाबडी खरी, पण तिच्यांत एक राजकीय तत्त्व होतें: संदेशाची वाट ही रयतेचें गाऱ्हाणें राजापर्यंत नेण्यासाठीं आहे.

१८९० सालीं नासिरुद्दीन शहानें साऱ्या देशाच्या तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला. त्याविरुद्ध उसळलेल्या चळवळींत या तारांनीं मोठें काम केलें. सामर्रा येथें राहणाऱ्या मिर्झा हसन शिराझी यांच्या नांवें डिसेंबर १८९१ मध्यें तंबाखूच्या निषेधाचा फतवा निघाला, आणि शहरांमागून शहरांत हुक्के बंद पडले. शहाच्या जनानखान्यांतहि ते विझले. जानेवारी १८९२ मध्यें मक्ता पूर्णपणें रद्द झाला. १९०६ च्या घटनात्मक क्रांतींतहि मौलवी, व्यापारी व सुशिक्षित यांची एकजूट तारांवरूनच झाली. त्यामुळें ७ ऑक्टोबर १९०७ रोजीं मंजूर झालेल्या पुरवणी मूलभूत कायद्यांत २२ वें व २३ वें हीं दोन कलमें आलीं याचें नवल नाहीं. टपालांतील पत्रें जप्त करूं नयेत किंवा तपासूं नयेत, आणि मालकाच्या परवानगीवांचून तारेंतला मजकूर उघड करूं नये किंवा अडवून ठेवूं नये, असा त्यांचा आशय. कायद्यानें सांगितलेले प्रसंग तेवढे अपवाद. मुह्तसिबानें भिंत चढूं नये हें जुनें तत्त्व येथें घटनेच्या भाषेंत बोलूं लागलें.

पुढें पहलवी राजांच्या अमदानींत हीं कलमें कागदावर राहिलीं. विशेषतः १९५७ सालीं स्थापन झालेल्या ‘सावाक’ या गुप्त पोलिसखात्यानें त्यांचा मुलाहिजा ठेवला नाहीं. पण सत्तेच्या हेरांना चुकवून जाणारी वाट पुन्हां तारेवरूनच निघाली. १९७८ च्या अखेरीस पॅरिसजवळील एका खेड्यांत राहून आयातुल्ला खोमेनी जीं भाषणें करीत, तीं टेलिफोनवरून तेहरानांत ऐकून ध्वनिफितींवर घेतलीं जात व त्या फितींच्या प्रती मशिदी-मशिदींतून फिरत. शहाच्या सैन्याजवळ रणगाडे होते. ध्वनिफितीवर त्यांचा उपाय चालला नाहीं. म्हणून १९७९ च्या इस्लामी घटनेच्या शिल्पकारांनीं पंचविसावें कलम लिहिलें, तें ऐकीव तत्त्वावरून नव्हे, ताज्या अनुभवावरून. पत्रें तपासणें व न पोंचविणें, टेलिफोनवरील संभाषण नोंदविणें व फोडणें, तारा व टेलेक्स उघड करणें, त्यांवर नियंत्रण घालणें, चोरून ऐकणें आणि सर्व प्रकारची गुप्त टेहळणी या गोष्टी या कलमानें निषिद्ध ठरविल्या, अर्थात् कायद्याचा अपवाद ठेवून. डिसेंबर १९८२ मध्यें खुद्द खोमेनींनीं आठ कलमी फर्मान काढून गुन्हा शोधण्याच्या नांवाखालीं लोकांचे टेलिफोन ऐकण्यास व घरांत घुसण्यास मनाई केली. मात्र राज्याविरुद्ध सशस्त्र कट करणाऱ्यांना त्यांतून वगळलें होतें. मावर्दीचा अपवाद येथेंहि आहे. परंतु त्याचीं कुंपणें कोणी तपासावयाचीं हें सांगणारें यंत्र मात्र उभें राहिलें नाहीं.

या पार्श्वभूमीवर इंटरनेट इराणांत आलें. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेहरानांतील एका गणित व भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेमार्फत त्याचा प्रवेश झाला, आणि दोन दशकांच्या आंत तें बाजारपेठेचें, विद्यापीठांचें व तरुण पिढीचें नित्याचें साधन बनलें. या वाटेवर खरोखरीचे दरोडेखोर आहेत, हें प्रथमच स्पष्ट कबूल केलें पाहिजे. जून २०१० मध्यें ‘स्टक्सनेट’ नांवाचा संगणक-विषाणु उजेडांत आला. नतान्झ येथील अणुकेंद्रांत युरेनियम शुद्ध करणारीं नळकांडीं अतिशय वेगानें फिरत असतात. तीं फिरविणाऱ्या नियंत्रकयंत्रांत शिरून हा विषाणु त्यांचा वेग बिघडवी, आणि पडद्यावर मात्र सर्व कांहीं सुरळीत असल्याचे आंकडे दाखवी. अशीं सुमारें एक हजार यंत्रें बदलावीं लागलीं असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हें कृत्य अमेरिका व इस्रायल यांचें असल्याचें सर्वत्र मानलें गेलें. ज्या सीमेन्स नांवानें १८७० सालीं इराणांतून तार नेली, त्याच नांवाच्या कंपनीचीं हीं नियंत्रकयंत्रें होतीं, हा एक इतिहासाचा विलक्षण योगायोग! पुढें २६ ऑक्टोबर २०२१ रोजीं झालेल्या एका हल्ल्यानें देशभरच्या पेट्रोलपंपांची कार्डावर पेट्रोल देण्याची व्यवस्था कोलमडली; सुमारें ४,३०० पंपांवर सामान्य माणूस तिष्ठत राहिला. तेव्हां या प्रदेशांत राज्यानें पहारा ठेवूं नये असें म्हणणें बालिशपणाचें होईल. मावर्दीच्या तिसऱ्या कर्तव्यांत पेट्रोलपंप, बँक, रुग्णालय व वीजकेंद्र यांचे संगणक निःसंशय येतात. इराणनें २००९ सालीं संगणक-गुन्ह्यांचा कायदा करून दुसऱ्याच्या यंत्रांत चोरून शिरणें, संदेश मधल्यामध्यें पकडणें व बनावट माहिती रचणें हे गुन्हे ठरविले. तितक्यापुरतें तें कर्तव्यपालनच होतें.

परंतु पहारा कोणावर बसला? १९७९ च्या कलमाची खरी कसोटी येथें लागते. पूर्वीं पत्रावर लाखेची मोहोर असे. ती अखंड असली म्हणजे पत्र कोणी फोडलें नाहीं अशी वाचणाऱ्याची खात्री पटे. इंटरनेटवर या मोहोरेचें काम प्रमाणपत्रें करतात. तीं देणाऱ्या कांहीं मोजक्या कंपन्या असतात व जगभरचे संगणक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. २०११ च्या उन्हाळ्यांत ‘डिजिनोटार’ या नेदरलंड्समधील कंपनीच्या यंत्रांत शिरून कोणी तरी गूगलच्या नांवाचीं खोटीं प्रमाणपत्रें तयार केलीं. त्यांच्या साहाय्यानें वाटेंत बसून दुसऱ्याचा पत्रव्यवहार वाचतां येत होता. मागाहून झालेल्या तपासांत या खोट्या मोहोरेच्या तडाख्यांत सांपडलेले सुमारें तीन लाख संगणक-पत्ते आढळले, आणि त्यांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक इराणांतले होते. आपण इराणी विद्यार्थी आहों असें सांगणाऱ्या एकानें हें कृत्य आपलें असल्याचें जाहीर केलें. कंपनीचें दिवाळें वाजलें. त्या तीन लाख पत्त्यांमागें बसलेल्या माणसांसाठीं मात्र कोणी मुह्तसिब धांवून आला नाहीं. दुसऱ्याचे संदेश पकडणें हा कायद्यानें गुन्हा ठरून दोनच वर्षें झालीं होतीं.

दरम्यान वाटेची मालकीहि पहारेकऱ्याकडे सरकत होती. सप्टेंबर २००९ मध्यें सरकारी दूरसंचार कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा क्रांतिरक्षक दलाशीं संबंध असलेल्या कंपन्यांच्या गटानें विकत घेतला. २०११ च्या आरंभीं सायबर-पोलिसांची स्थापना झाली. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांच्या कोठडींत एका मजूर-लेखकाचा मृत्यु झाला व त्यावरून तेहरानच्या सायबर-पोलिसप्रमुखास पदावरून दूर करावें लागलें. मार्च २०१२ मध्यें सर्वोच्च नेते खामेनी यांच्या आज्ञेनें राष्ट्राध्यक्ष, संसदेचे सभापति व न्यायखात्याचे प्रमुख यांचा अंतर्भाव असलेलें सायबरविश्वाचें सर्वोच्च मंडळ निर्माण झालें. परदेशी जाळ्यावांचून चालूं शकेल असें देशी जाळें विणण्याची योजना पुढें रेटण्यांत आली. हल्ल्याच्या वेळीं बँका व रुग्णालयें चालूं राहावीं, हें तिचें समर्थन लंगडें नव्हतें. पण हत्यार एकदां घडलें म्हणजे तें कोणाविरुद्ध उगारलें जाईल हें घडविणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें पेट्रोलचे भाव एकाएकीं वाढविल्यामुळें निदर्शनें सुरू झालीं, आणि दुसऱ्याच दिवसापासून सुमारें आठवडाभर देश बाह्य जगापासून तोडण्यांत आला. दळणवळण नेहमींच्या शेंकडा पांचांवर आलें. त्या दिवसांत किमान तीनशें माणसें मारलीं गेलीं, अशी नोंद अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें केली आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें महसा अमीनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यांत असतां मृत्यु झाला, त्यानंतर इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप बंद झालीं. त्यांतील व्हॉट्सअ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां खुलें झालें. जून २०२५ मध्यें इस्रायलशीं युद्ध चाललें असतां एका बँकेवर मोठा सायबर हल्ला झाला, आणि असे हल्ले टाळण्याचें कारण देऊन इंटरनेट जवळजवळ पूर्ण थांबविण्यांत आलें. आकाशांतून बाँब पडत असतां परदेशांतील मुलाला आईची खुशाली कळेना.

यावर दोन आक्षेप येतील व दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, असें वर्तन केवळ इस्लामी राज्येंच करतात काय? मुळींच नाहीं. अमेरिकेचें हेरखातें जगभरच्या संदेशांची कशी सरसकट नोंद ठेवीत होतें हें २०१३ सालीं एडवर्ड स्नोडेननें उघड केलें. आपल्या देशांतहि इंटरनेट बंद ठेवण्याचे हुकूम वारंवार निघाले आहेत. जानेवारी २०२० मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावें लागलें कीं, असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असतां कामा नयेत. तेव्हां दोष एका धर्माचा म्हणून बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं. इराणची गोष्ट बोधप्रद आहे ती निराळ्या कारणानें: ज्या परंपरेच्या नांवानें तेथें सत्ता चालली, तिच्याच पोटांत त्या सत्तेला आवरणारा नियम हजार वर्षें लिहून ठेवलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. मावर्दीच्या काळीं अनर्थ म्हणजे एका घरांतला एक खून. आज एका विषाणूनें अणुकेंद्र बिघडतें, एका अफवेनें शहर पेटतें. मग जुना अपवाद रुंद करावयास नको काय? याचें उत्तर असें कीं, धोका मोठा झाला म्हणून अपवादाचें क्षेत्र वाढेल. पण त्याचीं कुंपणें गळून पडत नाहींत. स्टक्सनेटपासून नतान्झ वांचवावयाचें तर नतान्झच्या यंत्रांवर पहारा हवा. इस्फहानच्या विद्यार्थ्याचीं पत्रें वाचून तें काम होत नाहीं. पेट्रोलपंपांची व्यवस्था भक्कम करावयाची तर तिचीं कुलुपें बदलावीं लागतात. पेट्रोलच्या भावाबद्दल कुरकुर करणाऱ्याचें तोंड बांधून तीं बदलत नाहींत. खबर विश्वासू आहे काय, अनर्थ जवळ आला आहे काय, आणि तो न भरून येणारा आहे काय, हे तीन प्रश्न पहारेकऱ्यानें स्वतःलाच विचारून भागत नाहीं. ते त्याला दुसऱ्या कोणी विचारावे लागतात. इराणच्या घटनेंतील ७९ वें कलम लष्करी कायद्याला मनाई करतें, आणि युद्धासारख्या प्रसंगीं घालावयाच्या निर्बंधांना संसदेची संमति व तीस दिवसांची मुदत लावतें. म्हणजे अपवादाला मुदत असावी आणि तिसऱ्या माणसाची संमति असावी, हा विचार त्या घटनेलाहि परका नव्हता.

तात्पर्य, इस्लामी राज्यावर सायबरविश्वाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे काय, या प्रश्नाचें त्या शास्त्राच्या आधारें येणारें उत्तर ‘होय’ असेंच आहे. पण त्या ‘होय’ बरोबर एक अट जोडलेली आहे. रक्षण करावयाचें तें वाटसरूचें. ज्या वाटेवर दरोडेखोर नाहीं, पण वाटसरूहि नाहीं, ती वाट सुरक्षित झाली असें कोणी म्हणत नाहीं; ती ओसाड झाली असें म्हणतात. मन्सूरनें बरीदच्या प्रमुखाकडून कोतवालाची खबर मागितली होती. आजच्या राज्यकर्त्याच्या हातीं बरीद मन्सूरच्या कल्पनेपलीकडची आहे. तिनें कोतवालाची खबर आणावी कीं कोतवालाच्या वतीनें प्रजेचीं पत्रें फोडावीं, हें ठरविण्याचा अधिकार मात्र अजून माणसांचाच आहे. उमरला निरुत्तर करणाऱ्या त्या अनाम मनुष्याचा गुन्हा शाबीत होता. तरीहि त्यानें खलीफाला भिंतीवरून येण्याचा जाब विचारला, आणि खलीफानें तो ऐकून घेतला. असा जाब विचारतां येणें हीहि प्रजेची एक सुरक्षितताच होय.